पंप पॅनेलच्या चार लेयर बोर्डाला कोणतं फिनिश घ्यावं: हॅसल, एनिग, ओएसपी की सिल्व्हर?

पंपपॅनेल_ठाणे

नमस्कार मंडळी. पंप कंट्रोलरच्या नव्या सर्किट बोर्डाचं सरफेस फिनिश, म्हणजे उघड्या तांब्याच्या पॅडना झाकणारा थर, ठरवायचं आहे. माहिती आधीच सगळी देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही.

बोर्ड ९६ × ७२ मिमी, चार लेयर, एफआर-४ (काचतंतू आणि रेझिनचं नेहमीचं साहित्य), जाडी १.६ मिमी. एक ४८ पिनांचा क्यूएफएन (बाहेर पाय नसलेली चपटी चिप), ०.५ मिमी पिच (दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर), पोटाखाली उष्णता काढून नेणारा थर्मल पॅड. एक १०० बॉलचा बीजीए (खाली सोल्डरचे बॉल असलेली चिप), ०.८ मिमी पिच. बाकी ०४०२ आणि ०६०३ आकाराचे लहान पार्ट. दोन्ही बाजूंना एसएमटी (पृष्ठभागावर बसणारे पार्ट), त्यानंतर टर्मिनल ब्लॉक आणि रिले सिलेक्टिव्ह सोल्डरिंगने, म्हणजे फक्त त्यांच्याच पिनांना वितळलेला सोल्डर लावून. समोरच्या बाजूला सहा बटणं आहेत. सिलिकॉन रबराच्या कीपॅडची कार्बन गोळी थेट बोर्डावरच्या बोटांच्या आकाराच्या पॅडवर टेकते. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आणि चिप अँटेना आहे.

एकूण ५०० नग. त्यातले २०० अंधेरी एमआयडीसीत लगेच भरले जातील, उरलेले ३०० पुढच्या चार महिन्यांत थोडेथोडे. म्हणजे मधला काळ पावसाळ्याचा. बोर्ड बसणार पाण्याच्या आणि मलजलाच्या पंपघरांत, काही माहुल-चेंबूरकडे, काही थेट खाडीला लागून. ग्राहकाची अट रोहसची (शिसं वगैरे घातक पदार्थांवर बंदी), म्हणून शिशाचं हॅसल बाद.

फॅबने (रिकामे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याने) चार पर्याय दिलेत: लेडफ्री हॅसल (बिनशिशाच्या कथलाचा थर), एनिग (निकेलवर पातळ सोनं), ओएसपी (तांब्यावर सेंद्रिय पापुद्रा) आणि इमर्शन सिल्व्हर (चांदीचा थर). खरेदी विभागाचा कल लेडफ्री हॅसलकडे आहे, कारण भाव कमी आणि बोर्ड टिकतात जास्त.

विचारायचं असं: ०.५ मिमी पिचला लेडफ्री हॅसल चालेल का? एनिग घेतलं तर ब्लॅक पॅडपासून, म्हणजे सोन्याखालचं निकेल गंजून सांधा सुटण्यापासून, कसं वाचायचं? निकेलमुळे रेडिओला फटका बसतो का? आणि या हवेत नेमकं काय टिकेल?

स्टेन्सिल१२०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असेंब्लीच्या बाजूने देतो.

हॅसलमध्ये बोर्ड वितळलेल्या कथलात बुडवून वर ओढतात आणि गरम हवेच्या पात्यांनी जादा धातू उडवतात. उरतो तो थर पॅडचा आकार, त्याची दिशा आणि बोर्ड कुठल्या कडेने वर आला यावर ठरतो. त्यामुळे एकाच बोर्डावर एका पॅडवर २ मायक्रॉन आणि दुसऱ्यावर ३० मायक्रॉन असं सापडू शकतं. लहान पॅडवर तो थर घुमटासारखा फुगतो. पेस्ट (सोल्डरचा लगदा) छापायची स्टेन्सिल १२० मायक्रॉनची असताना खालची जमीन २५-३० मायक्रॉनने वरखाली असेल, तर स्टेन्सिल पॅडला घट्ट बसत नाही. फटीतून पेस्ट बाहेर सरकते आणि क्यूएफएनच्या दोन पिनांमध्ये पूल बनतो. तुमच्या क्यूएफएनचा पॅड साधारण ०.२५ मिमी रुंद आणि मधली जागाही तेवढीच, म्हणजे चुकायला जागाच नाही.

तरी लेडफ्री हॅसलवर अन्याय नको. निकेल आणि जर्मेनियम घातलेला कथील-तांब्याचा मिश्रधातू शिशाच्या जुन्या हॅसलपेक्षा बराच सपाट बसतो. ०.६५ मिमी पिचपर्यंत तो बिनधास्त वापरा. ०.५ मिमीला फॅबची मशीन चांगली असेल तर निघतो, पण मग दर पॅनेलमागे (एकत्र बनवलेल्या बोर्डांच्या तावामागे) प्रिंटिंगवर डोळा ठेवावा लागतो. बीजीएला मोठे बॉल थोडा चढउतार पोटात घेतात. खरी अडचण क्यूएफएनची, कारण त्याला बॉलही नाहीत आणि पायही नाहीत.

हॅसलची आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. थर्मल पॅडमधल्या ०.३ मिमीच्या व्हाया (थरांना जोडणारी, आतून तांबं चढवलेली छिद्रं) कथलाने अर्ध्या भरतात आणि वर टेंगूळ येतं. क्यूएफएन त्या टेंगळावर बसून डुलतो, एका बाजूच्या पिना पेस्टपासून उचलल्या जातात. एक्स-रेमध्ये थर्मल पॅड छान भरलेला दिसतो आणि पिना मात्र उघड्या राहतात.

तुमच्या बोर्डात तर कीपॅडनेच हॅसलचा निकाल लागतो. कथलाचा पृष्ठभाग मऊ, घुमटदार आणि ऑक्साइड धरणारा. कार्बन गोळी त्यावर काही महिन्यांत अडखळायला लागते. बटण दोनदा दाबावं लागतं. त्यामुळे लेडफ्री हॅसल या बोर्डासाठी नको.

फिनिश कोणतंही घ्या, थर्मल पॅडची पेस्ट एकसंध छापू नका. खिडकीच्या तावदानांसारखे चौकोन पाडून एकूण ५० ते ६० टक्के क्षेत्र उघडं ठेवा. पूर्ण उघडं ठेवलं की क्यूएफएन तरंगतो.

निकेलबाथ

एनिगच घ्या. पण ‘एनिग पाहिजे’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ब्लॅक पॅड का होतो ते कळलं की ड्रॉइंगवर काय लिहायचं ते आपोआप कळतं.

एनिगची साखळी अशी: सफाई, मायक्रोएचमध्ये सुमारे १ मायक्रॉन तांबं काढणं, आम्लात बुडवणं, पॅलेडियमचं बीजारोपण, मग ८० अंशांच्या वरच्या बाथमध्ये साधारण वीस मिनिटं निकेल, आणि शेवटी सोनं. प्रत्येक पायरीनंतर पाण्याच्या धुण्या. निकेलला बाहेरून वीज लागत नाही. बाथमधला हायपोफॉस्फाइट त्याला खाली बसवतो, आणि म्हणून थरात फॉस्फरस येतो. मध्यम फॉस्फरसचं निकेल म्हणजे ढोबळपणे ७ ते १० टक्के.

सोन्याची पायरी मात्र वेगळी. तिथे सोनं निकेलवर नुसतं चढत नाही, निकेलची जागा घेतं. सोन्याचे अणू बसायचे तर निकेलचे अणू विरघळून बाहेर जावे लागतात. म्हणजे ती मुळातच एक आवरलेली गंज-प्रक्रिया आहे. बाथ जास्त आक्रमक असेल, बोर्ड त्यात जास्त वेळ राहिला, किंवा खालच्या निकेलचे कण ओबडधोबड असतील, तर सोनं कणांच्या सीमांमधून खोल शिरतं. निकेल आतून पोखरलं जातं आणि मागे फॉस्फरसने दाट झालेला काळपट थर उरतो. वरून सोनं पिवळं, चकचकीत. सोल्डरही वरवर पाहता नीट धरलेला दिसतो. मग धक्का बसला की सांधा निकेलच्या पातळीवरून सपाट निघून येतो आणि खाली करडा-काळा पॅड दिसतो.

यातून एक गोष्ट निघते, जी खरेदी विभागाला उलटी वाटते: एनिगमध्ये जाड सोनं म्हणजे चांगलं सोनं नव्हे. ‘०.१५ मायक्रॉन द्या’ असा हट्ट धरला की फॅबला बोर्ड सोन्याच्या बाथमध्ये जास्त वेळ ठेवावा लागतो, आणि तेवढं निकेल जास्त कुरतडलं जातं. सोन्याचं काम फक्त निकेलला ऑक्साइडपासून झाकायचं. सोल्डर वितळला की ते क्षणात त्यात विरघळतं आणि खरा सांधा निकेल व कथील यांच्यात होतो.

ड्रॉइंगवर हे लिहा (आयपीसी ही बोर्ड उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था):

‘फिनिश एनिग, आयपीसी-४५५२बी प्रमाणे. निकेल ३ ते ६ मायक्रॉन. सोनं ०.०४ ते ०.१० मायक्रॉन. दर लॉटसोबत एक्स-रे फ्लुरोसन्सने मोजलेला जाडीचा अहवाल, मोजणी १.५ × १.५ मिमीच्या पॅडवर. निकेलच्या गंजासाठी क्रॉस-सेक्शनचा फोटो. एनिगवर पुन्हा प्लेटिंग करून दुरुस्ती चालणार नाही.’

मोजायच्या पॅडचा आकार मुद्दाम लिहायचा, कारण लहान-मोठ्या पॅडवर सोन्याची जाडी वेगवेगळी येते. पॅड सांगितला नाही तर सोयीच्या जागी मोजलेला आकडा हातात पडतो. तसा पॅड डिझाइनमध्ये नसेल तर पॅनेलच्या कडेच्या पट्टीत एक टाका.

शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. एनिग बिघडलं तर सोनं-निकेल उतरवून पुन्हा चढवता येतं असं काही ठिकाणी सांगतात. त्यात तांबं आणि सोल्डर मास्क (पॅड सोडून बाकी बोर्ड झाकणारा रंगीत थर) दोन्ही मार खातात. असा बोर्ड परत करावा.

आता मास्क. ८० अंशांच्या वर गरम बाथमध्ये दोनदा बसल्यावर अर्धवट भाजलेला सोल्डर मास्क कडेने सुटतो. क्यूएफएनच्या पिनांमधली मास्कची भिंत ०.१ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. तुमच्याकडे मधली जागा ०.२५ आहे, दोन्ही बाजूंना ०.०५ सोडले तरी ०.१५ मिमीची भिंत उरते. ते ठीक आहे. हिरवा मास्क घ्या. काळ्या आणि पांढऱ्या मास्कला तेवढीच बारीक भिंत टिकवणं अवघड जातं.

आणि बीजीएखालच्या व्हाया एकाच बाजूने मास्कने झाकू नका. तशी व्हाया म्हणजे तळ असलेलं भांडं. निकेलचं आणि सोन्याचं रसायन आत अडकतं, धुण्यांत निघत नाही, आणि महिन्यांनी व्हायाच्या भिंतीचं तांबं खाऊन टाकतं. एकतर दोन्ही बाजू उघड्या, नाहीतर व्हाया पूर्ण भरलेली. थर्मल पॅडमधल्या व्हाया रेझिनने भरून वर तांब्याची टोपी घालणं सगळ्यात उत्तम, पण त्याचा खर्च वेगळा आहे. तो नको असेल तर ०.२ ते ०.३ मिमीच्या उघड्या व्हाया ठेवा आणि पेस्टचे चौकोन त्यांच्यावर येणार नाहीत असे मांडा.

निकेलबाथ

रेडिओचं वर राहिलं. २.४ गिगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह वरच्या सुमारे १.३ मायक्रॉनमध्येच धावतो, आणि निकेल तांब्यापेक्षा कितीतरी वाईट वाहक. म्हणून उघड्या मायक्रोस्ट्रिपवर (रेडिओ सिग्नल नेणाऱ्या पट्टीवर) एनिग घेतलं तर तोटा वाढतो, हे खरंच आहे. पण फिनिश मास्क लागल्यावर चढतं. मास्कखालच्या ट्रॅकवर निकेल नसतं, नुसतं तांबं असतं. तुमच्याकडे उघडे आहेत ते फक्त अँटेनाचे आणि मॅचिंग पार्ट्सचे पॅड, एकूण दोन-चार मिलिमीटर. तेवढ्याने या वारंवारतेला काही बिघडत नाही. फीड लाइनवरचा मास्क काढायचा मोह मात्र टाळा. दहा गिगाहर्ट्झचं फिल्टर उघड्या तांब्यावर असतं तर उत्तर वेगळं असतं.

खाडीकाठ

हवेबद्दल लिहितो. या बोर्डाचं आयुष्य त्यावरच ठरणार आहे, आणि कोटेशनच्या कागदावर त्याचा उल्लेखही नसतो.

इमर्शन सिल्व्हर लगेच यादीतून काढा. फिनिश म्हणून ते सुंदर आहे: सपाट, स्वस्त, सोल्डर उत्तम धरतं, उच्च वारंवारतेला निकेलची कटकट नाही. पण चांदीला गंधक लागलं की संपलं. मलजलाच्या पंपघरात हायड्रोजन सल्फाइड कायमचा पाहुणा असतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तोच. माहुलकडे रिफायनऱ्या आहेत. अशा हवेत चांदीखालचं तांबं मास्कच्या कडेशी उघडं पडतं, त्याचं कॉपर सल्फाइड होतं आणि ते काळ्या शेवाळासारखं मास्कवरून पसरत शेजारच्या पॅडला जाऊन भिडतं. त्याला क्रीप करोजन म्हणतात. ओलावा जितका जास्त तितकं ते वेगाने सरकतं, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते.

हवा किती वाईट आहे ते अंदाजाने ठरवू नका. तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या पॅनेलच्या आत ३० दिवस टांगतात आणि त्यांच्यावर चढलेला गंजाचा थर मोजतात. आयएसए-७१.०४ या मानकात सर्वांत सौम्य वर्ग म्हणजे महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आणि चांदीवर २०० पेक्षा कमी. दोन्हींवर १००० च्या आत असेल तर मध्यम. २००० च्या पुढे गेलं की उघडा इलेक्ट्रॉनिक्स तिथे ठेवूच नये. एक-दोन पंपघरांत हे करून घ्या. एका पट्टीचा खर्च परत आलेल्या एका बोर्डापेक्षा कमी आहे.

एनिगसुद्धा गंधकापासून मुक्त नाही, हे लक्षात असू द्या. ०.०५ मायक्रॉनचं सोनं सच्छिद्र असतं. त्या छिद्रांतून निकेल आणि कडेचं तांबं हळूहळू गंजतं. चांदीच्या तुलनेत पुष्कळ सावकाश, पण गंजतं. म्हणून कॉन्फॉर्मल कोटिंग (भरलेल्या बोर्डावरचं पातळ संरक्षक आवरण) हवंच. इथे लोक एक चूक करतात: ओलावा अडवायला सिलिकॉन कोटिंग घेतात. सिलिकॉन हायड्रोजन सल्फाइडला आरपार जाऊ देतं. अॅक्रिलिक किंवा युरेथेन घ्या, थर ३० ते १३० मायक्रॉन, दोन हातांत. कीपॅड आणि टर्मिनल ब्लॉकची छिद्रं टेपने झाका.

आणि नुसत्या फिनिशवर सगळं सोडू नका. साध्या जाड-फिल्म चिप रेझिस्टरच्या आतल्या इलेक्ट्रोडमध्ये चांदी असते. गंधक काचेच्या आवरणाच्या कडेतून आत शिरतं, चांदीचं सल्फाइड होतं आणि रेझिस्टर ओपन होतो. बाहेरून बोर्ड नवाकोरा दिसतो. मलजलाच्या पॅनेलसाठी पार्ट्सच्या यादीत सल्फररोधक चिप रेझिस्टर लिहा.

कीपॅड हा या बोर्डाचा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण तिथे कोटिंग लावता येत नाही. एनिगवर कार्बन गोळी साध्या जागी वर्षानुवर्षं चालते. मलजलाच्या पंपघरासाठी मात्र त्या बोटांवर कार्बन शाई छापून घेणं जास्त सुरक्षित, कारण कार्बनला गंधक काही करत नाही. शाईचा रोध चौरसाला काही दहा ओहम भरतो. तुमचा पुल-अप (बटणाच्या लाइनवरचा रेझिस्टर) १० किलोओहम किंवा जास्त असेल तर तो जाणवणारही नाही. शाई छापताना थोडी पसरते, म्हणून दोन बोटांमधली जागा ०.३ मिमीच्या खाली नेऊ नका. शाई आधी की एनिग आधी, हा क्रम फॅबनुसार बदलतो. गर्बर (बोर्डाच्या लेयरच्या फाइली) देण्याआधी विचारा आणि कार्बनचा लेयर वेगळ्या फाइलमध्ये द्या.

स्टेन्सिल१२०

ओएसपीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. तांब्यावर ०.२ ते ०.५ मायक्रॉनचा सेंद्रिय पापुद्रा, बस. सपाट, स्वस्त, आणि सांधा थेट तांबं-कथलाचा होतो. तो सांधा आपटण्याला निकेलच्या सांध्यापेक्षा जास्त पुरून उरतो, म्हणून हातात धरायच्या उपकरणांत ओएसपीला मान आहे. रोज हजारो बोर्ड भरणाऱ्या लाइनवर मी डोळे झाकून ओएसपी सांगेन.

तुमच्याकडे ते जमणार नाही. पहिली बाजू, दुसरी बाजू आणि मग सिलेक्टिव्ह, अशा तीन आचा त्या पापुद्र्याला सोसाव्या लागतील. दोन रिफ्लोनंतर (पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीच्या फेऱ्यांनंतर) टर्मिनल ब्लॉकच्या छिद्रांतलं तांबं ऑक्साइड धरतं, सोल्डर वर चढत नाही आणि आयपीसी-ए-६१० मधली ७५ टक्के भरावाची अट पुरी होत नाही. पहिली बाजू भरल्यावर २४ तासांत दुसरी भरायला हवी. पेस्ट चुकीची छापली गेली आणि बोर्ड अल्कोहोलने पुसला, तर पेस्टसोबत ओएसपीही निघून जातं. मग तो बोर्ड सरळ बाजूला काढावा लागतो. टेस्ट पॉइंटवर प्रोब नीट टेकत नाही, म्हणून त्यांच्यावरही पेस्ट छापावी लागते. आणि चार महिने पावसाळ्यात थोडेथोडे बोर्ड काढायचे म्हणजे दर वेळी उघडलेलं पाकीट आणि घामट बोटं.

इमर्शन टिन (कथलाचा पातळ थर) तुमच्या यादीत नाही ते बरंच आहे. प्रेसफिट (सोल्डरशिवाय दाबून बसवायच्या) कनेक्टरला ते चांगलं, पण साठवणीत तांबं आणि कथील एकमेकांत मुरत जातात आणि वरचं शुद्ध कथील कमी होत जातं. तीन आचांसाठी ते नको.

पंपपॅनेल_ठाणे

मनापासून आभार. एनिग आणि कीपॅडवर कार्बन, असं ठरतंय. दोन गोष्टी अजून.

एक, उरलेले ३०० बोर्ड चार महिने कसे ठेवायचे? बेकिंग करायचं का?

दोन, याच मालिकेच्या जुन्या दोन लेयर बोर्डाचे लेडफ्री हॅसलचे १४० नग पडून आहेत. त्यावर सगळे पार्ट मोठे, ०८०५ आणि एसओआयसी (बाजूला पाय असलेल्या चिप), कीपॅड नाही. काही पॅडवर सोल्डर आधी पसरतो आणि मग मागे सरून थेंब होतो. जास्त तेज फ्लक्स (ऑक्साइड काढणारं रसायन) वापरून निभावता येईल का? आणि पुढच्या आवृत्तीत कडेला १० बोटांचा एज कनेक्टर (कडेवरची बोटं थेट सॉकेटमध्ये घुसतात) येणार आहे. तोही एनिगच ठेवला तर?

खाडीकाठ

साठवण. फॅबलाच सांगा की बोर्ड २५-२५ चे गठ्ठे करून ओलावारोधक पाकिटात व्हॅक्यूम करा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. ३०० बोर्डांचं एकच मोठं पाकीट घेऊ नका. पहिल्या दिवशीच ते उघडावं लागतं आणि उरलेले बोर्ड पावसाची हवा पितात. एका पाळीत लागतील तेवढेच गठ्ठे उघडायचे. गोदाम वातानुकूलित, २५ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या खाली. पाकीट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका.

बोर्डांच्या मध्ये रद्दी पेपर, ब्राऊन पेपर किंवा रबर बँड घालू नका. रबरात आणि साध्या कागदात गंधक असतं. हे चांदीसाठी जीवघेणं आहेच, पण एनिगलाही त्याचे डाग पडतात. गंधकमुक्त कागद मागा. बोर्ड कडेने धरायचा, बोटाला फिंगर कॉट (बोटावरची टोपी).

बेकिंग सरसकट करू नका. पाकीट शाबूत आणि कार्डाचा रंग कोरडा दाखवत असेल तर गरज नाही. पाकीट फुटलेलं असेल किंवा बोर्ड काही दिवस उघडे राहिले असतील तर एनिगचे बोर्ड १०५ ते १२० अंशांवर ४ ते ६ तास, हवा खेळत्या ओव्हनमध्ये, थप्पी एका इंचापेक्षा उंच नको. न केल्यास एफआर-४ मधल्या पाण्याची रिफ्लोच्या २४५ अंशांच्या उष्णतेत वाफ होते आणि आतल्या मोठ्या ग्राउंड प्लेनजवळ थर सुटतात. बाहेरून पांढरट फोड दिसतो. बेक केलेले बोर्ड त्याच दिवशी भरा. मुंबईच्या हवेत उघडे ठेवले की केलेलं सगळं वाया.

निकेलबाथ

१४० बोर्डांचं सांगतो. सोल्डर पसरून मागे सरतो, याचा अर्थ त्या जागी कथलाचा थर मुळातच पातळ होता, बहुधा १ मायक्रॉनच्या आसपास. हवेच्या पात्याने तिथलं जास्त उडवलं. उरलेलं कथील हळूहळू तांब्याशी जुळून कथील-तांब्याचा कठीण संयुग-थर झालं. तो थर पृष्ठभागावर आला आणि वरून ऑक्साइड चढलं की सोल्डर त्याला धरत नाही. तेज फ्लक्सने ऑक्साइड निघेल, संयुग निघणार नाही. शिवाय तेज फ्लक्सचे अवशेष पंपघराच्या ओलाव्यात गळती सुरू करतील. तो मार्ग सोडा.

आधी किती बोर्ड खरंच बाधित आहेत ते बघा. जे-एसटीडी-००३ या मानकात यासाठी बुडवून बघायची चाचणी आहे. तेवढं जमत नसेल तर पाच-सहा बोर्ड वेगवेगळ्या थरांतून उचला, नेहमीच्या स्टेन्सिलने पेस्ट छापा, पार्ट न ठेवता नेहमीच्या प्रोफाइलने रिफ्लो करा आणि भिंगाखाली बघा. चांगला पॅड कडेपर्यंत भरलेला दिसतो. वाईट पॅडवर मध्ये थेंब आणि भोवती करडी कडा. मोठ्या पॅडवर ही खूण आधी दिसते, कारण हॅसलचा थर तिथेच पातळ असतो.

बाधित असतील तर फॅबकडून पुन्हा हॅसल करून घेता येतं. १.६ मिमीचा दोन लेयर बोर्ड आणखी एक बुडवणी सोसतो. पण एकदाच. दर बुडवणीला गरम कथील थोडं तांबं विरघळवतं, आणि ते सर्वांत जास्त छिद्रांच्या कडेला जातं, जिथे पॅड आणि भिंतीचा सांधा आहे. पाठवण्याआधी बोर्ड बेक करा, नाहीतर २६० अंशांच्या पुढच्या बाथमध्ये थर सुटतील. परत आल्यावर दोन बोर्डांचे क्रॉस-सेक्शन घेऊन छिद्राच्या कडेचं तांबं बघा, मगच भरा.

आता एज कनेक्टर. एनिगचं सोनं घासण्यासाठी नाही. ०.०५ मायक्रॉनचा मऊ थर थोड्याच वेळा काढ-घाल केल्यावर घासून निकेल उघडं पडतं. बोटांसाठी कोबाल्ट मिसळलेलं कडक सोनं घ्या, विजेने चढवलेलं, किमान ०.७६ मायक्रॉन, खाली किमान २.५ मायक्रॉन निकेल. विजेने चढवायचं म्हणजे प्रत्येक बोटाला बोर्डाच्या कडेबाहेर जाणारी जोडणी लागते, जी नंतर कापली जाते. म्हणून बोटं बोर्डाच्या कडेपर्यंत न्या आणि पॅनेलमध्ये ती कडा बाहेरच्या बाजूला ठेवा. कड ३० अंशांनी तासून घ्या. कनेक्टर आत जातो तेवढ्या भागात व्हाया नको आणि मास्कही नको.

आणि कडक सोनं संपूर्ण बोर्डावर मागू नका, हिशोब करून दाखवतो. १२० मायक्रॉनची पेस्ट वितळल्यावर साधारण ६० मायक्रॉन धातू उरतो. त्यात एनिगचं ०.०५ मायक्रॉन सोनं विरघळलं तर वजनाने पाव टक्क्यांहूनही कमी. ०.७६ मायक्रॉन विरघळलं तर ३ टक्क्यांच्या पुढे, आणि ३ टक्क्यांपुढे सोनं-कथलाचे ठिसूळ स्फटिक सांध्यात पसरतात. बोटांवर कडक सोनं आणि बाकी सगळीकडे एनिग, असं एकाच बोर्डावर करता येतं. ड्रॉइंगवर दोन्हींची हद्द मिलिमीटरमध्ये दाखवा आणि दोन्हींच्या मध्ये किमान १ मिमी मास्क ठेवा.

स्टेन्सिल१२०

ऑर्डर देताना आणखी एक ओळ घाला: पाकिटावर पॅकिंगची नव्हे, प्लेटिंगची तारीख. एनिगची १२ महिन्यांची मुदत प्लेटिंगपासून मोजतात, आणि बोर्ड प्लेटिंगनंतर टेस्टिंगसाठी आठवडे पडून राहिलेले असू शकतात. शिवाय पहिल्या २०० मधले दोन रिकामे बोर्ड त्याच पाकिटात सील करून बाजूला ठेवा. चौथ्या महिन्यात शेवटचा लॉट भरण्याआधी त्यावर वर सांगितलेली रिकाम्या पेस्टची चाचणी करा. पेस्टचा डबा मात्र नवा घ्या, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

पंपपॅनेल_ठाणे

फॅबला ड्रॉइंग आज बदलून पाठवतो. व्हाया दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवतोय, फक्त बीजीएखालच्या पूर्ण भरून. कार्बनच्या क्रमाबद्दल त्यांचं उत्तर आलं की इथेच लिहीन.

खाडीकाठ

जरूर लिहा. कार्बन एनिगच्या आधी छापणार असतील तर एक नमुना आधी मागवा आणि शाईवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून बघा. निकेलच्या गरम बाथमधून गेलेली शाई नीट भाजलेली नसेल तर चिकटपट्टीला काळे कण लागतात.